वाजवून घेतलेला एक्सल

परभणीत स्टेशन रोडला शिवलिंगआप्पांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीला एक काळा दगड बसवलाय आणि दगडाच्या उजव्या कोपऱ्यात लिंबाएवढा खळगा पडलाय. नवख्या गिऱ्हाइकाचा पाय तिथं हमखास अडखळतो. दगड बदलून टाका असं कुणी म्हटलं, की आप्पा हसून म्हणायचे, "बदलू कसा? तो मुंजाजीचा कान हाय."

मुंजाजी म्हणजे जिंतूर रोडचा मुंजाजी मिस्त्री. पस्तीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेला माणूस. अंगानं काटकुळा, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. स्वभाव असा, की स्वतःची सोडून साऱ्या जगाची चूक त्याला लांबून दिसायची. पण परभणी जिल्ह्यात त्याला मान होता, आणि तो मान त्यानं हातानं नाही, कानानं मिळवला होता.

ते कसं, हे सांगायचं तर आधी बाजार सांगायला पाहिजे. सुट्या भागांच्या बाजारात दोनच जाती. एक 'कंपनी', दुसरी 'लोकल'. कंपनीचा माल म्हणजे गाडी बनवणाऱ्यांच्या शिक्क्याचा. लोकल म्हणजे कुठल्या तरी शेडमध्ये ओतलेला. खोक्यावर वाघ, गरुड, नाहीतर विमान. कंपनीच्या एका नगाच्या पैशांत लोकलचे तीन येतात, त्यामुळं आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्या लोकलवरच पळतात आणि बरीच वर्षं पळतात. लोकलचा त्रास एवढाच, की एकाच खोक्यातला एक नग पोलाद निघतो आणि दुसरा मेण. भट्टीवरच्या माणसानं कुठला नीट तापवला आणि कुठल्या वेळी तो चहा प्यायला उठून गेला, ते वरच्या काळ्या रंगावरून कळत नाही.

मुंजाजीला ते कळायचं. नग दोन बोटांच्या चिमटीत सैल धरायचा, डोळे मिटायचे आणि काळ्या दगडाच्या कोपऱ्यावर हलकेच आपटायचा. पक्कं लोखंड आपटल्यावर बराच वेळ बारीक आवाजात गात राहतं. कच्चं लोखंड 'ठप' करून गप्प बसतं. मुंजाजी डोळे उघडून एकच शब्द बोलायचा. "वाजतंय," म्हणाला की नग घ्यायचा. "उचल," म्हणाला की परत खोक्यात. त्याच्या 'उचल'वर आप्पांनी कधी हुज्जत घातली नाही. देवगाव फाट्याचे जीपवाले, गंगाखेडचे उसाच्या ट्रॅक्टरवाले स्वस्तातला नग घ्यायला आले, तरी आधी विचारायचे, "मिस्त्रीनं वाजवून घेतलेला हाय का?" लोकल खोक्यातून कंपनी काढणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या नावानं तो जरा फुगलाही होता.

आता त्याच्या कानाचं दुसरं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याची बायको कस्तुराबाई स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आली. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या होत्या आणि मुंजाजी कुकरसमोर बसून पेपर वाचत होता. "शिट्टी झाली की बंद करा म्हणलं व्हतं ना?" ती म्हणाली. "झाली कुठं?" मुंजाजीनं विचारलं. कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. पुढं मोबाइलची रिंग गेली, मग दारावरची टकटक, मग पाठीमागून मारलेली हाक. बारीक आवाज आधी गेले, आणि मुंजाजीचं पोट तर बारीक आवाजावरच होतं.

गंगाखेडला दिलेली त्यांची मुलगी पिंकी, तिनं बापाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, पस्तीस वर्षं ग्राइंडर आणि घणाशेजारी उभं राहिल्यावर कान काय करतील? नस गेलीय, परत यायची नाही. मशीन लावा, बोलणं तरी समजेल. पिंकीनं मशीन घेऊन दिलं. भुईमुगाच्या शेंगेएवढं, कातडीच्या रंगाचं. मुंजाजीनं ते घरात एक दिवस लावलं आणि छोट्या स्टीलच्या डबीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवून दिलं.

"कामून काढलं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडं कोण नग वाजवायला येईल?"

मुंजाजी ओठ बघून बोलणं ओळखायला शिकला. कळलं नाही की "हां हां" म्हणायला शिकला. नग आपटल्यावर बोटांत जी झिणझिण येते तिच्यावरून अंदाज बांधायला शिकला. अंदाज दहातून सात वेळा खरा यायचा. उरलेल्या तिनांत कुणाचा तरी क्लच लवकर गेला, कुणाचं तरी बेअरिंग बसलं, आणि त्या लोकांनी रस्त्याला, डायव्हरला, नशिबाला दोष दिला. मिस्त्रीच्या कानाला कुणी दिला नाही. त्यामुळं त्याचं धाडस वाढत गेलं.

आप्पांची मुलगी शिवरंजनी. घरात आणि गॅरेजात रंजू. उशिरा झालेली, एकुलती एक. आप्पा सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळाला विभूती लावून दुकान उघडायचे, तेव्हा ही लहानगी काउंटरवर बसून बेअरिंगच्या गोळ्या मोजायची. मोठी झाली, इंजिनिअरिंगला गेली आणि तिच्या डोक्यात शर्यत शिरली. मातीतली शर्यत. माळावर दोरी लावून वळणावळणाचा रस्ता आखतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. जी कमी वेळात येईल ती जिंकते. रंजूनं शिकवण्या घेऊन पैसे साठवले, एका मास्तरांची जुनी मारुती घेतली आणि सरळ मुंजाजीच्या गॅरेजात आणून लावली.

"काका, हिला शर्यतीची करायची हाय."

मुंजाजी पोटभर हसला. मग त्यानं बॉनेट उघडलं, आणि पुढचे सात महिने त्याचं हसू निराळ्या जातीचं होतं. सीटा काढल्या, आत पाइपांचा पिंजरा जोडला, इंजिन खोलून त्याची ताकद वाढवली. रंजू त्याच्याबरोबर गाडीखाली पडून राहायची. ग्रीसनं कोपरापर्यंत काळी. बोलताना ती त्याच्या तोंडाकडं बघून बोलायची, मोठ्यानं बोलायची, म्हणून तिचं बोलणं त्याला सगळं कळायचं. इतकं बरं त्याला गेल्या दोन वर्षांत कुणाबरोबर वाटलं नव्हतं.

आप्पांना हे पसंत नव्हतं. पण पोरीपुढं त्यांचं चालेना. शेवटी त्यांनी एक अट घातली. "एक शर्यत. गाडी धडपणी परत आली तर पुढचं बघू. न्हाई आली तर हे खूळ कायमचं बंद, आन् तू दुकानात बसायचं." रंजूनं अट मानली. तिनंही एक घातली: शर्यतीला बापाचा एक रुपया घेणार नाही. दुकानात येईन ती गिऱ्हाईक म्हणून.

अशी ती गिऱ्हाईक म्हणून आली. शर्यतीला आठ दिवस होते. क्लच प्लेट बदलून झाली होती, इंजिनाखालचे रबर बदलून झाले होते. डाव्या बाजूचा एक्सल राहिला होता. एक्सल म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. ताकद वाढवलेल्या इंजिनाला तो पक्काच लागतो. रंजूच्या पाकिटात कंपनीच्या एक्सलचे पैसे उरले नव्हते.

"लोकल दाखवा," ती बापाला म्हणाली.

आप्पांनी वाघाच्या खोक्यातले तीन एक्सल काउंटरवर मांडले. कंपनीचाच घे असं ते म्हणू शकत होते. पण शब्द दिला होता, आणि समोर मुंजाजी उभा होता. "मुंजाजी, वाजवून बघ. पोरीच्या गाडीचा हाय, नीट बघ," एवढंच ते म्हणाले.

मुंजाजी पायरीवर उकिडवा बसला. पहिला एक्सल चिमटीत धरला, डोळे मिटले, आपटला. काही नाही. दुसरा आपटला. काही नाही. तिसरा आपटला तेव्हा बोटांत झिणझिण आली, का आल्यासारखं वाटलं, हे त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"वाजतंय," तो म्हणाला. "हाच घे."

आप्पांनी मान वाकडी केली. "मला तर तिन्ही सारखेच वाजल्यागत वाटायले."

"आप्पा, कान तुमचा का माझा?"

आप्पा हसले. रंजूही हसली. "काका, पक्कं ना?" तिनं विचारलं. त्यानं तिचे ओठ वाचले. "पक्कं."

खरं तर तिन्ही सारखेच वाजले होते, कारण तिन्ही कच्चे होते. दोन वर्षांपूर्वीचा मुंजाजी तिन्हींना "उचल" म्हणाला असता आणि त्यानं पोरीला सांगितलं असतं की थांब, पैसे साठव, पुढच्या शर्यतीला जा. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याला "उचल" म्हणायची भीती वाटते. आप्पा म्हणतील आणखी एकदा वाजव, आणि मग काय करणार? गॅरेजात येऊन त्यानं एक्सल बसवला. बसवताना खुणेसाठी त्यावर पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढली, ही त्याची सवय.

शर्यत संभाजीनगरच्या अलीकडं एका माळावर होती. मुंजाजी गाडीबरोबर गेला. आप्पा दुकानातच थांबले आणि दर अर्ध्या तासाला फोन करत राहिले. रंजूची पहिली फेरी अशी झाली, की दोरीपलीकडची अनोळखी माणसंही टाळ्या वाजवायला लागली. बावीस गाड्यांत तिचा दुसरा नंबर होता. ती हेल्मेट काढून मुंजाजीकडं धावत आली आणि त्याच्या पाया पडली. "एक्सल लय भारी बसलाय काका. गाडी नुसती ओढायलीय." मुंजाजीचे डोळे भरून आले. आपला कान शाबूत आहे असं त्या घटकेला त्याला खरंच वाटलं.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर ते झालं. मुंजाजीनं आवाज ऐकला नाही. त्याला एवढंच दिसलं, की दोरीजवळच्या सगळ्या माणसांच्या माना एकदम वर झाल्या. काहीतरी वाजलं असणार. मग त्याला गाडी दिसली. वळणात तिची ओढच गेली होती. ती तिरपी घसरत बांधावर चढली, एका कुशीवर पडली आणि छपरावर पालथी झाली. धूळ खाली बसेपर्यंत मुंजाजी तिथं पोहोचला होता. पिंजऱ्यानं पोरीचा जीव वाचवला. उजवं मनगट मात्र स्टिअरिंगमध्ये अडकून पिळवटलं होतं.

मनगटात प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, लिहिता येईल, जेवता येईल. जोरात काही वळवणं मात्र आता विसरा. आप्पांनी दवाखान्यात काही विचारलं नाही. परभणीला आल्यावर सगळं शहर विचारायला लागलं आणि त्याचं उत्तरही शहरच द्यायला लागलं. माळावर कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात वळणावर 'फट्' असा आवाज येतो आणि लगेच इंजिन एकटंच भणाणतं. गेअर चुकला की इंजिन तसंच भणाणतं. झालं. पोरगी घाबरली, गेअर चुकली. पोरीच्या हातात गाडी दिल्यावर आणखी काय होणार? चाक, एक्सल, सगळंच मोडलं होतं. ते गाडी पालथी झाल्यावर मोडलं असंच सगळे धरून चालले. आप्पासुद्धा गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "गेअर चुकली बगा आमची."

महिन्याभरानं रंजू गॅरेजात आली. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. त्या वेळी देवगाव फाट्याचा जीपवाला दत्तराव तिथं बसला होता, क्लच प्लेट वाजवून घ्यायला आलेला. रंजूनं डाव्या हातानं मोबाइल काढला.

"काका, मी हे शंभर वेळा ऐकलंय. मला आठवतंय मी गेअरला हातच लावला न्हवता. पण सगळे म्हणायलेत चुकली. तुमी ऐका. तुमी आवाजावरून सांगा, खरं काय झालं."

मुंजाजीनं मोबाइल डाव्या कानाला लावला. तो कान त्यातल्या त्यात बरा. आत नुसती वाळू सांडल्यासारखी खरखर होती. ती त्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसली होती. दत्तरावही बघत होता. 'मला ऐकू येत न्हाई' हे चार शब्द त्याच्या गळ्यापर्यंत आले. दत्तरावच्या मांडीवर क्लच प्लेट होती. ते चार शब्द संध्याकाळपर्यंत फाट्यावर पोचले असते.

"गेअरच सुटला बाई," तो म्हणाला. "घाईत व्हतं असं."

रंजूनं मोबाइल खाली घेतला. "बरं झालं काका तुमी खरं सांगितलं," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मला खोटं वाटत होतं." आणि उठून गेली. दत्तरावनं क्लच प्लेट पुढं केली. मुंजाजीनं ती आपटली आणि "वाजतंय" म्हणून परत दिली.

त्यानंतर दीड-एक महिन्यानं आप्पांचा निरोप आला: गाडी खोल, जे विकेल ते विक, बाकी भंगारात घाल. मारुती गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली पडून होती. मुंजाजीनं डावं चाक काढलं. एक्सलचे दोन तुकडे झाले होते. त्यानं ते बाहेर काढून डिझेलनं धुतले, फडक्यानं पुसले, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

त्यानं ओढलेली पिवळी रेघ सरळ राहिली नव्हती. दांड्याभोवती ती दोन वेढे घालून गेली होती. गाडी पालथी होताना एक्सल मोडला असता, तर तो वाकून मोडला असता. हा वाकलेला नव्हता, पिळला होता. गाडी चाकांवर धावत असतानाच, इंजिनाच्या ओढीनं, सुंभाच्या दोरीसारखा पिळून तुटला होता. पक्कं लोखंड असं पिळत नाही. म्हणजे 'फट्' झालं ते हे. आणि इंजिन एकटं भणाणलं, कारण त्याच्यापुढं ओढायला काही उरलंच नव्हतं. पोरीनं गेअरला खरंच हात लावला नव्हता.

मुंजाजी तिथंच मातीत बसला. आपण त्या पोरीचा हात मोडला, हे त्याला कळलं. हाताचं एक वेळ नशिबावर घालता आलं असतं. पण ती जे खरं होतं ते घेऊन आपल्याकडं आली होती आणि आपण ते तिच्या हातून काढून घेतलं, हे कुणावर घालणार? त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की त्यानं दोन्ही तुकडे पोत्यात गुंडाळून कपाटामागं टाकले.

तो नऊ दिवस गप्प राहिला. हे लपवण्यात अर्थ नाही, नऊ दिवस. जेवण कमी झालं. कस्तुराबाईला एक्सल बिक्सल काही कळत नव्हतं, पण नवरा कळत होता. नवव्या दिवशी ती त्याच्यासमोर येऊन बसली, त्याला ओठ दिसतील अशी.

"कुणाला काय सांगायचं हाय?"

"आप्पाच्या पोरीला."

"मग जावा की. बसलाव कामून?"

"जायलोय." असं म्हणून तो पुन्हा तसाच बसला. मग तिनं देव्हाऱ्यामागची डबी काढली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

सोमवारचा दिवस होता, दुपारचे बारा. आप्पांच्या दुकानात रंजू काउंटरवर बसली होती. अटीप्रमाणं. डाव्या हातानं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. उजव्या हातानं ती चिठ्ठी नुसती दाबून धरायची. आप्पा मागं हिशेब बघत होते. मुंजाजीनं पोत्यातून दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले.

"रंजू, कंपनीचा एक एक्सल काढ."

तिनं काढून दिला. मुंजाजी पायरीवर बसला. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. कंपनीचा एक्सल चिमटीत धरून दगडावर आपटला आणि रंजूच्या तोंडाकडं बघितलं.

"कसं वाजलं?"

ती गोंधळली. "तुमी ऐकलं की."

"तू सांग."

"लय वेळ वाजत राह्यलं. घंटीवानी."

मग त्यानं मोडक्या एक्सलचा लांब तुकडा उचलला आणि आपटला. "आन् हे?"

रंजूचे ओठ हलायच्या आधीच तिचा चेहरा बदलला. मुंजाजीला त्या चेहऱ्यावरून आवाज कळला. "ठप झालं," ती म्हणाली. "वाजलंच न्हाई." मागं आप्पा उठून उभे राहिले होते.

"त्या दिवशी तिन्ही असेच वाजले व्हते," मुंजाजी म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच फार लांबून येत होता. "ही रेघ बघ. मी सरळ वढली व्हती. वळणावर ह्यो पिळून तुटला. मग गाडी पडली. मला आवाज ऐकू आला न्हवता, रंजू. मला दोन वर्षं झाली, ऐकू येत न्हाई." त्यानं खिशातली डबी काढून काउंटरवर ठेवली. आप्पांनी ती उघडली, आत बघितलं आणि पुन्हा मिटली.

"मोबाइलमधलं?" रंजूनं विचारलं.

"ते बी न्हाई."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं मान खाली घातली नाही. शिव्या देईल, तुकडा फेकून मारेल, काहीही करेल. ते सगळं अंगावर घ्यायचं असं तो घरून ठरवून आला होता. पण ती वळली. खोक्यांच्या फळ्यांकडं तोंड करून, त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती काहीतरी बोलली.

गेली दोन वर्षं अशा वेळी मुंजाजी "हां हां" म्हणत आला होता. तेच त्याच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"मला ऐकू आलं न्हाई, बाई," तो म्हणाला. "परत सांग."

ती वळली. रडत होती. तिनं पुन्हा सांगितलं, पण रडण्यानं ओठ वेडेवाकडे झालेले, त्याला वाचता येईनात.

"अजून जोरात."

"माझी चूक न्हवती!"

रंजू एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या टायरवाल्याचं गिऱ्हाईक रस्त्यावर येऊन बघायला लागलं. चहावाला हातात किटली घेऊन थांबला. आप्पांनी तोंडावर पंचा धरला आणि ते भिंतीला टेकले. तीन महिने ते येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगत होते ते त्यांना आठवलं असणार. रंजूनं न वळणारा उजवा हात काउंटरवर आपटला. वरची डबी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"माझी चूक न्हवती, काका!"

मुंजाजी काळ्या दगडावर बसून होता, त्या खळग्याशेजारी. ती आणखी दोनदा ओरडली. दोन्ही वेळा त्याला ऐकू आलं.